आधी पार्किंगमध्ये एक पॉइंट द्या, मग रस्त्यातून वीज द्या

काल रात्री साडेअकराला मेव्हण्याचा मेसेज. "दाजी, आता थांबायची भानगडच संपली! चालता चालता रस्त्यातूनच गाडी चार्ज होणार!" सोबत व्हिडिओ, रॉकेटच्या तीन इमोजी.

मी तेव्हा नाशिकच्या पाथर्डी फाट्याकडच्या एका चार्जिंग स्टेशनवर, माझ्या इलेक्ट्रिक गाडीला लावायची चार्जिंगची गन हातात धरून उभा होतो. तिथे दोन मशीन आहेत. एकावर 'बंद आहे' असा कागद चिकटवलाय, तोही उन्हाने पिवळा पडलाय, म्हणजे कधीचा असेल बघा. दुसऱ्यासमोर डिझेल गाडी आडवी लावून साहेब जेवायला गेलेले. आले, ढेकर दिला, म्हणाले, "दोनच मिनिटं लावली होती." मग गन लावली तर मशीनचं आणि गाडीचं काही जुळेना. काढा, लावा, काढा, लावा. चौथ्यांदा एकदाचं सुरू झालं आणि नवव्या मिनिटाला आपोआप बंद! वॉलेटमध्ये किमान पाचशे भरल्याशिवाय अ‍ॅप दारात उभं करत नाही, आणि अडकलेले पैसे परत कधी? 'सात कामकाजी दिवसांत.'

घरी का नाही लावत, म्हणाल. सोसायटीकडे आठ महिने झाले अर्ज देऊन. माझ्या मीटरवरून, माझ्या खर्चाने, माझ्याच पार्किंगमध्ये एक पॉइंट हवाय फक्त! तर मीटिंगमध्ये एक काका म्हणे, "आग लागली तर?" यांच्या स्वतःच्या स्वयंपाकघरात गॅसचे दोन सिलिंडर, पण भीती माझ्या गाडीची. तिसऱ्या मजल्यावरून वायर सोडली तर म्हणे बिल्डिंगची शोभा जाते.

आणि हा मेव्हणा मला रस्त्यातून वीज देतोय.

अरे, मी काय अडाणी नाही. दक्षिण कोरियात गुमी शहरात २०१३ सालीच २४ किलोमीटरच्या मार्गावर अशा बस धावल्या. अमेरिकेत डेट्रॉइटला २०२३ मध्ये चौदाव्या रस्त्याचा पाव मैल तसा केला. डांबराखाली तांब्याच्या कॉइल, त्यातून झपाझप दिशा बदलणारा करंट, त्याचं चुंबकीय क्षेत्र गाडीच्या पोटाखालच्या कॉइलमध्ये वीज निर्माण करतं. फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलेलंच तत्त्व आहे, जादू नाही. पण पोटाखाली ती दुसरी कॉइल लागते ना! माझ्या गाडीला ती नाही. मेव्हण्याच्या व्हिडिओत हे कुठे होतं?

बरं, समजा बसवली. गुमीच्या बसला रस्ता आणि कॉइल यांत १७ सेंटीमीटरचं अंतर होतं. आमच्याकडे एका खड्ड्यात ते शून्य होतं आणि पुढच्या स्पीडब्रेकरवर कॉइलच निघून रस्त्यावर पडेल. शिवाय गाडी कॉइलच्या बरोबर वर राहिली पाहिजे, बाजूला सरकली की वीज घटली. द्वारका चौकात लेन पाळून दाखवा मला! एका लेनमध्ये दोन रिक्षा, एक उसाचा ट्रॅक्टर आणि मधून उलटा येणारा बुलेटवाला.

आणि खोदकाम? आमच्या गल्लीत डांबर पडलं, रोलर फिरला, आम्ही खूश. पंधराव्या दिवशी पाइपवाले आले. ते बुजवून गेले तर केबलवाले. २०२७ च्या सिंहस्थाच्या नावाने तर विचारूच नका, अख्खं नाशिक उकरलंय. जेसीबीच्या दातापुढे ती तांब्याची कॉइल किती दिवस टिकेल? त्याच्या आधी तांबं भंगारात विकलं जाईल म्हणा.

हे सगळं मेव्हण्याला टाइप करून पाठवलं. दोन निळ्या टिका आल्या. मग उत्तर:

"बरोबर आहे दाजी. उद्या मुंबईला जायचंय, तुमची गाडी मिळेल का? पेट्रोल परवडत नाही."

गाडी ३१ टक्क्यांवर होती.