मुखवट्याचं वय कोण विचारतं?

लागोसला राहतो म्हटलं की पुण्याहून येणारा पाहुणा हमखास सांगतो, "एक मुखवटा घ्यायचाय, पण जुना, ओरिजिनल पाहिजे." हे गिऱ्हाईक पश्चिम आफ्रिकेतल्या बाजारांना तोंडपाठ आहे. नवं लाकूड मातीत पुरायचं, धुरी द्यायची, काजळी फासायची, की झाला मुखवटा पणजोबांच्या काळातला.

ज्यांचे हे मुखवटे आहेत ते मात्र वय विचारत नाहीत. नायजेरिया आणि बेनिन देशातल्या योरुबा लोकांचा गेलेडे हा मुखवट्यांचा उत्सव घ्या. नाचतात पुरुष, मान बायकांचा. 'आमच्या आया' म्हणजे म्हाताऱ्या, पूर्वज स्त्रिया आणि देवता यांची शक्ती गावावर कोपू नये, राजी राहावी, म्हणून हा सगळा खटाटोप. आदल्या रात्री 'एफे' रंगतो. त्यात गावातल्या लबाडांची भर चौकात हजेरी घेतात आणि त्याबद्दल कुणी रागवायचं नसतं. मुखवटा तोंडावर नसतो, डोक्यावर असतो. नाचणारा खालच्या कापडातून बघतो. वर कोरलेलं असतं शिलाई मशीन, मोटारसायकल, कधी विमानही. परंपरा बाटली म्हणून कुणी गळा काढत नाही. लाकडाला वाळवी लागली तर सुतार नवं कोरतो, आणि विधी, ढोल, कापड, नाच मिळून त्याला मान देतात. एगुंगुन या त्यांच्या दुसऱ्या मुखवटा-उत्सवात तर पूर्वजच आलेले असतात, आत कोण आहे हे विचारणंच चूक.

हे रोज आजूबाजूला असल्यामुळे साताऱ्यातल्या वाघनखांवरचा वाद मला जरा एकांगी वाटत आला. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून ती तीन वर्षांसाठी आली आणि आपण भांडलो ते 'खरी की खोटी' यावर. शिवरायांनी वापरली तीच ही, हे सिद्ध करता येत नाही, असं ते म्युझियमच सांगतं. मग उसनी का, कुठल्या अटींवर, हे प्रश्न मागे पडले.

आता माझ्याच म्हणण्यातली अडचण. 'मुखवटा नवा कोरला तरी चालतं' हे ब्रिटिश म्युझियमला फार आवडेल. १८९७ मध्ये इंग्रजांनी बेनिन शहर (हे नायजेरियातलं, बेनिन देश वेगळा) लुटलं, तिथल्या ओबाला, म्हणजे राजा ओव्होनरामवेनला, कलाबारला हद्दपार केलं. त्या लुटीत राजमाता इडियाचा सोळाव्या शतकातला हस्तिदंती मुखवटा होता. लागोसच्या १९७७च्या फेस्टॅक या आफ्रिकी कलामहोत्सवाचं तेच बोधचिन्ह. पण ब्रिटिश म्युझियमकडे मागूनही तो उसना मिळाला नाही आणि नवा कोरून घ्यावा लागला. उत्सव थाटात झाला, म्हणून लूट मिटली का? परत मागण्याचा हक्क वस्तूच्या अस्सलपणावर उभा नाही, ती हिसकावून नेली यावर उभा आहे. वाघनखांची गोष्ट इथे वेगळी पडते: ती साताऱ्याचा इंग्रज रेसिडेंट ग्रँट डफ याला भेट मिळाली असं त्यांच्या पेटीवरच लिहिलंय. दोन्ही प्रकरणांना एकाच दमात 'लूट' म्हणणाऱ्या आपल्याकडच्या पोस्ट वाचून वैताग येतो.

परत आल्यावरही भांडण संपत नाही. जर्मनीने डिसेंबर २०२२ मध्ये बेनिनच्या त्याच लुटीतली विसेक 'ब्राँझ', म्हणजे धातूची शिल्पं वगैरे, नायजेरियाला परत दिली. २०२३ मध्ये नायजेरियाच्या राष्ट्राध्यक्षांनी त्यांची मालकी ओबाची ठरवली आणि ती संग्रहालयात जाणार की राजवाड्यात यावर युरोपात कुरकुर सुरू झाली. लुटताना ती ओबाचीच होती, मग परत करताना एवढा विचार कशाला?

आपल्याकडे जव्हार-मोखाड्याचा बोहाडा आहे. कागदाच्या लगद्याचे मुखवटे, संबळ, रात्रभर सोंगं, शेवटी जगदंबा आणि महिषासुर. त्यातले मुखवटे आता शहरांतल्या प्रदर्शनांत भिंतीवर लावायला विकले जातात, आणि त्याला माझी हरकत नाही, कारागिराच्या हाती पैसे पडतात. पण सोंग नाचवणारी पोरं कामासाठी गाव सोडून गेली तर विकत घेतलेल्या मुखवट्यांनी बोहाडा उभा राहणार नाही. तिकडच्या गावांना मदत करायची तर सरकारने आधी त्या रात्रींचा खर्च उचलावा: संबळवाल्यांचं मानधन, दिवाबत्ती, रंग. वाघनखांच्या स्वागताला खर्च केला, तसाच.