ठ चा गोल बघा

सुलेखनाच्या शैली कशा ओळखाव्यात यावरच्या तुमच्या लेखात अ, ल, श ही अक्षरं मुंबई वळणाची की उत्तरेकडची, यावर भर दिलाय. बरोबर आहे, पण ते झालं अक्षराचं रूप. लिहिणाऱ्याचा हात ओळखायचा तर आधी लेखणीचा काप, म्हणजे तिचं टोक कुठल्या बाजूला तिरकं छाटलंय ते बघावं. देवनागरीचा बोरू, म्हणजे टोक छाटलेली काडीची लेखणी, आणि रोमन म्हणजे इंग्रजी लिपीचं निब यांचे काप एकमेकांच्या उलट. ठ चा गोल घ्या. बोरूने काढलेल्या ठ मध्ये रेघ वर उजवीकडे आणि खाली डावीकडे बारीक होते. रोमन ओ मध्ये नेमकं उलट, वर डावीकडे नि खाली उजवीकडे. हे मला फार उशिरा कळलं. दुकानातून इंग्रजी कापाचं पेन आणून मी महिनाभर बाराखडी गिरवली. अक्षरं सुबक, पण काहीतरी परकं वाटायचं. मराठी बोलणाऱ्या साहेबासारखं! शेवटी एका पेंटरकाकांनी ‘विठ्ठल’ मधल्या ठ वर बोट ठेवलं आणि म्हणाले, "पेन उलटं कापलंय रे." मोडी लिपीत मात्र ही खूण पुरत नाही. तिथे हात न उचलता लिहायची धाव असते, त्यामुळे अक्षरांची जोडणी बघावी लागते. लेखकाने त्यावरही लिहावं.