बाहेरचा एडिटर आणि हरवलेली ओळ

आयडीईमध्ये (कोड लिहायच्या, चालवून बघायच्या प्रोग्रॅममध्ये) मी 412व्या ओळीवर आहे. ‘बाहेरच्या एडिटरमध्ये उघडा’ दाबलं की फाइल उघडते थेट पहिल्या ओळीवर! अरे, कर्सर कुठे आहे हे तुला माहीत आहे ना? मग ते पुढे सांगायला काय होतं? विम या एडिटरला ‘+412’ द्या, ईमॅक्स या दुसऱ्या एडिटरला ‘+412:8’ (ओळ आणि ओळीतली जागा) द्या, दोघंही बरोबर तिथेच नेऊन सोडतात. व्हीएस कोड या एडिटरला त्यासाठी ‘--goto’ आहे. ही सोय आजची नाही, कित्येक वर्षांची आहे. तरी आयडीईतला तयार पर्याय फक्त फाइलचा पत्ता पाठवतो. ओळ हवी असेल तर सेटिंगमध्ये शिरून प्रत्येक एडिटरसाठी वेगळी कमांड स्वतः लिहायची.

आणि फोल्डरच्या नावात स्पेस असली की संपलंच. कमांडमध्ये पत्त्याभोवती अवतरणचिन्हं द्यायची राहिली तर पत्त्याचे दोन तुकडे होतात आणि समोर दोन रिकाम्या फाइली उघडतात.

पण खरा संताप होतो तो परत आल्यावर. बाहेर दोन ओळी बदलून सेव्ह केलं, की इकडे खिडकी हजर: ‘फाइल बाहेरून बदलली आहे, पुन्हा लोड करू का?’ हो म्हणावं, तर इथले सेव्ह न केलेले बदल गेले. नाही म्हणावं, तर पुढच्या सेव्हला तिकडचं काम पुसलं जाणार. दोन्हींतला फरक आधी दाखवा की! प्रत्येक शब्द मेहनतीने लिहिलेला असतो, आणि तुम्ही फक्त ‘हो’ आणि ‘नाही’ची दोन बटणं देता.