सीआरपी नॉर्मल आला म्हणून डेंटिस्टला तोंड दाखवायचं टाळू नका

गेले काही दिवस एक मेसेज फिरतोय, आमच्या फॅमिली ग्रुपवरच तीनदा आला आणि परवा तर एक काका तो मोबाईलमध्ये घेऊन माझ्याकडे आले. मेसेजचा सार असा: तोंडाचा कॅन्सर म्हणजे मुळात सूज, म्हणून रक्तातला सीआरपी (शरीरात सूज असली की वाढणारं प्रथिन) तपासा, नॉर्मल असेल तर खर्रा-गुटखा खाणाऱ्यानेही घाबरायचं काम नाही, वाढलेला असेल तर कॅन्सर सुरू झाला समजा, मग हळद-काळी मिरी घेऊन तो खाली आणा, आणि काहीही झालं तरी बायोप्सी (तुकडा काढून तपासणी) करू नका, सुरी लागली की पसरतो. मी विदर्भात दातांची प्रॅक्टिस करतो, विशीतली पोरं ज्यांचं तोंड इतकं जखडलंय की दोन बोटं आत जात नाहीत अशी रोज समोर बसतात, म्हणून एकेक मुद्दा घेतोच.

"सीआरपी नॉर्मल म्हणजे सेफ." हे सगळ्यात घातक आहे. सीआरपी तोंडात तयार होत नाही, लिव्हरमध्ये होतो, शरीरात कुठे मोठी सूज असली की इंटरल्युकिन-6 नावाचा निरोप लिव्हरपर्यंत जातो आणि मग तो वाढतो. गालाच्या आत नखाएवढा लाल चट्टा असेल तर त्याची लिव्हरला खबरही नसते, रिपोर्ट एकदम छान येतो. आणि कॅन्सर सगळ्यात सोपा बरा होतो तो नेमका याच टप्प्यावर! त्या काकांच्या खालच्या ओठाच्या आत, जिथे ते तंबाखू-चुना ठेवतात तिथेच, दीड महिना न भरलेली जखम होती आणि खिशात नॉर्मल सीआरपीचा कागद, त्या कागदाच्या भरवशावर ते महिनाभर थांबले होते.

"वाढला म्हणजे कॅन्सर." मग न्युमोनियाचा प्रत्येक पेशंट कॅन्सरचा म्हणायचा का, त्यात सीआरपी कित्येकदा शंभरच्या वर जातो. संधिवात, गळू, इतकंच काय हिरड्यांचा जुना पायोरिया असला तरी थोडा वाढतो आणि हिरड्यांची नीट ट्रीटमेंट केली की बऱ्याच जणांचा उतरतो. लाळेतल्या इंटरल्युकिन-6, इंटरल्युकिन-8 वर संशोधन चालू आहे हे खरं, कॅन्सरच्या पेशंटमध्ये ते सरासरीने जास्त सापडतात, पण पायोरियातही वाढतात आणि आपल्याकडे तंबाखू खाणाऱ्याच्या हिरड्या चांगल्या असणं म्हणजे दुर्मिळच, मग वाढलेला आकडा कशामुळे हे सांगणार कोण?

सूज आणि कॅन्सरचा संबंध आहे, ते मी नाकारत नाही. खर्रा-गुटख्यातल्या सुपारीतलं अरेकोलिन नावाचं रसायन आणि तांबं गालाच्या आतल्या पडद्याला वर्षानुवर्षं डिवचत राहतं, आधी जळजळ, तिखट सहन होत नाही, मग आत कोलॅजनचे (चिवट तंतूंचे) दोर तयार होतात आणि तोंड उघडेनासं होतं. यातल्या काहींना पुढे कॅन्सर होतो. (तंबाखू नसलेली नुसती सुपारीसुद्धा कॅन्सरकारक आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने हे 2004 च्या अहवालात स्पष्ट लिहिलंय, तरी लोक "साधी सुपारी आहे हो" म्हणून लहान पोरांच्या हातावर ठेवतात, जीव तुटतो बघून.)

"हळदीने सीआरपी उतरवा." हळदीतल्या कर्क्युमिनने काही छोट्या अभ्यासांत तोंडाची जळजळ कमी झालेली दिसलीय, भाजीत हळद जरूर खा. पण आकडा उतरला म्हणून पेशींमध्ये झालेला बिघाड दुरुस्त होत नाही. आम्ही स्वतः जखडलेल्या गालात स्टिरॉइडची इंजेक्शनं देतो, सूज उतरते, तोंड थोडं उघडतं, तरी त्या पेशंटला पुढे कित्येक वर्षं तपासणीला बोलवावंच लागतं.

"बायोप्सीने पसरतो." नाही. जागा बधिर करून छोटा तुकडा काढतात, एक-दोन टाके, माणूस त्याच दिवशी घरी. कॅन्सर आहे की नाही हे तोच तुकडा सांगतो, रक्त नाही. पसरतो तो वाट बघण्यात, आणि मानेतल्या गाठींपर्यंत पोचला की जगण्याची शक्यता साधारण निम्म्यावर येते.

मग लवकर पकडायचा कसा, तर बघून. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात जवळपास 1 लाख 90 हजार लोकांवर मोठा अभ्यास झाला, प्रशिक्षण दिलेले आरोग्यसेवक लोकांची तोंडं नुसती उजेडात तपासायचे. 2005 मध्ये निकाल आला, तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू तपासणी न झालेल्या गटापेक्षा 34 टक्क्यांनी कमी. कुठलीही लॅब नाही!

घरी आरशासमोर टॉर्च लावा, गाल ओढून आत बघा, जीभ बाहेर काढून दोन्ही कडा बघा, ओठ उलटून बघा. पांढरा चट्टा, त्याहून जास्त काळजीचा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, कडक गाठ, कारण नसताना हलणारा दात, यातलं काहीही दिसलं तर डेंटिस्टकडे जा, दुखत नसलं तरी जा, सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही. मशेरी लावणाऱ्या आई-आज्जीचं तोंड कोणी बघतच नाही, तेही बघा. नागपूर, मुंबई, छत्रपती संभाजीनगर इथे सरकारी डेंटल कॉलेजं आहेत, तिथे हे तपासतात. काकांची बायोप्सी सोमवारी झाली, रिपोर्ट अजून यायचाय.