निगेटिव्ह टाकून देऊ नका

प्रिंट स्कॅन झाल्या की निगेटिव्ह ठेवायची गरज उरत नाही, असं जुने फोटो स्कॅन करण्याबद्दलच्या लेखात म्हटलंय. कळकळीने सांगते, तसं करू नका. मूळ छायाचित्र निगेटिव्हवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या फिल्मवर असतं. प्रिंट ही तिची प्रत. प्रत काढताना कडा कापल्या जातात, सावलीतले चेहरे काळवंडतात. आजोबांच्या एका फोटोत कडेला नुसतं कुणाचं तरी कोपर दिसायचं. निगेटिव्ह स्कॅन केली तेव्हा कळलं, ती आजी होती. तिचा त्या वयातला दुसरा फोटोच आमच्याकडे नाही.

लेखातलं ६०० डीपीआय (स्कॅनर दर इंचाला किती ठिपके टिपतो ते) प्रिंटसाठी ठीक आहे. पण ३५ मिमी निगेटिव्हची चौकट जेमतेम ३६ बाय २४ मिमीची. ६०० ला तिचे ८५० बाय ५६७ पिक्सेलच मिळतात. ३२०० ते ४००० ठेवा आणि मूळ फाइल टिफमध्ये (चित्राचा तपशील न गमावणाऱ्या फाइल प्रकारात) साठवा, जेपीईजी नंतर कधीही करता येते. कृष्णधवल निगेटिव्हला स्कॅनरची इन्फ्रारेड धूळसफाई (अदृश्य किरणांनी धूळ शोधून ती चित्रातून पुसणारी सोय) बंद ठेवा. त्यातली चांदी इन्फ्रारेड अडवते, मग चित्रालाच धूळ समजून ते खराब केलं जातं.

आणि डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर थांबू नका. ॲसिटेट फिल्म (एक प्रकारच्या प्लास्टिकची फिल्म) विघटित होऊ लागल्याची ती खूण आहे, आणि तिची वाफ शेजारच्या फिल्मलाही बाधते. त्या पट्ट्या आधी वेगळ्या काढा, कागदी पाकिटात ठेवा आणि स्कॅनिंगला पहिला नंबर त्यांचाच लावा.