आंतर की बाह्य?

पोटाच्या एमआरआयच्या अहवालात यकृताविषयी दोन ओळी आहेत आणि माझ्या वर्तणुकीविषयी एक: ‘रुग्णाने श्वास रोखण्यात सहकार्य न केल्याने प्रतिमा अस्पष्ट.’

श्वासागणिक छातीखालचा पडदा खालीवर होतो, त्याबरोबर यकृतही सरकते आणि प्रतिमेत पोटाच्या कातडीच्या भुतासारख्या सावल्या उमटतात. म्हणून दर खेपेस पंधरा-वीस सेकंद श्वास रोखायचा असतो. कोणता श्वास, यावर प्रतीक्षाकक्षातील एका गृहस्थांचे स्वतंत्र मत होते. पत्नीच्या सोनोग्राफीसाठी आलेले हे गृहस्थ चपला काढून खुर्चीवर मांडी घालून बसले होते.

“पोटाचा एमआरआय? मग कुंभक आला. आंतर की बाह्य?”

“ते आत सांगतील.”

“ती कालची पोरं काय सांगणार! आंतर. पूर्ण भरून घ्या बघू.”

घड्याळ समोर धरून ते मोठ्याने आकडे मोजू लागले, तशी समोरची सगळी रांग माझ्याकडे पाहू लागली.

“खांदे कशाला उचलताय? याला श्वास घेणं म्हणत नाहीत, दचकणं म्हणतात.”

“अहो, त्यांचं नाव पुकारलं,” त्यांच्या पत्नी म्हणाल्या.

“पुकारू दे. अजून सोडलेला नाही त्यांनी.”

आत मात्र ध्वनिमुद्रित बाईंना बाह्य कुंभक हवा होता, कारण श्वास सोडल्यावर तो पडदा दर वेळी जवळपास त्याच जागी येऊन थांबतो. हे शास्त्र बिनचूक आहे. पण रिकाम्या छातीने वीस सेकंद काढणे भरल्या छातीपेक्षा कठीण असते, आणि ‘रोखा’ म्हणण्यात तत्पर असलेल्या या बाई ‘घ्या’ म्हणायला फार वेळ लावतात.

पित्तनलिकांच्या प्रतिमा त्यांनी पोटावर पट्टा बांधून, श्वासाची लय टिपत, मला निवांत श्वास घेऊ देऊन काढल्या आणि त्या स्वच्छ आल्या, असे हाच अहवाल म्हणतो. शिरेतून औषध दिल्यावर यकृतातील धमन्या ठरावीक क्षणीच टिपाव्या लागतात, तेथे सहसा श्वास रोखावाच लागतो, हे मान्य. पण बाकीच्या प्रतिमांना पट्टा का नव्हता?

“त्याला वेळ लागतो, काका. बाहेर पेशंट थांबलेत,” तंत्रज्ञ म्हणाला.

आता तपासणी पुन्हा करायची, तर शुल्क पुन्हा पूर्ण भरायचे. मी काउंटरवर रीतसर निषेध नोंदवला, तेव्हा तेथील मुलीने मान वर न करता विचारले, “पण श्वास तर तुमचाच होता ना, काका?”