बॅगेतलं ‘असू दे’

मराठवाड्यात बॅग एकट्यानं भरायची रीत नाही. आपण फक्त चेन उघडायची. भरायला अख्खं घर बसतं. लातूरहून पुण्याला दोन दिवसांसाठी जायचं असलं तरी चार धपाटे, शेंगदाण्याची चटणी, एक शाल आणि ‘असू दे, वाटेत कुठं काय लागंल सांगता येतंय का’ म्हणून एक तांब्या आत जातो. अशा घरातून कुणी अंटार्क्टिकाला निघालं, तेही शे-दीडशे प्रवाशांच्या छोट्या जहाजानं, पेंग्विन, सील आणि देवमासे बघायला, तर दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका यांच्यामधल्या ड्रेक पॅसेज या खवळत्या समुद्राच्या लाटा फार पुढची गोष्ट. आधी आत्या येते.

आत्या येते ती घोंगडी, वाकळ आणि ओटीचं सामान घेऊन. यांतली घोंगडी तत्त्वानं बरोबर आहे, वाकळ तत्त्वानं चूक आहे आणि ओटी आंतरराष्ट्रीय कराराच्या आड येते. हे तिला समजावून सांगणं हा सगळ्या प्रवासातला सर्वांत अवघड टप्पा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

‘तिकडं थंडी किती गं माय?’ हा पहिला प्रश्न. उत्तर ऐकून तिचा विश्वास बसत नाही. जहाजं नोव्हेंबर ते मार्च, म्हणजे तिकडच्या उन्हाळ्यात जातात. अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या किनाऱ्यावर तेव्हा पारा शून्याच्या आसपास घुटमळतो, दोन-चार अंश वर किंवा खाली. परभणीत तो डिसेंबरात कधीकधी पाच-सहापर्यंत उतरतोच की. फक्त परभणीत त्या गारठ्यात कुणी उघड्या रबरी होडीत बसून अंगावर खाऱ्या पाण्याचे शिंतोडे घेत नाही. माणूस गारठतो तो वाऱ्यानं आणि ओलीनं.

इथं घोंगडी कामाला येते, निदान समजून घ्यायला. मेंढरांमागं हिंडणारा धनगर भर पावसात घोंगडीची खोळ डोक्यावर घेऊन उभा असतो. घोंगडी भिजते, पण लोकरीत अडकलेली हवा सगळी जात नाही, आत ऊब टिकते. वाकळ जुन्या सुती लुगड्यांची. ती भिजली की पाणी धरून बसते, मणाची होते आणि अंगातली ऊब शोषून घेते. एवढं ध्यानात आलं की दुकानदाराचं अर्धं भाषण वाचतं. अंगालगत सुती काही नको: बनियन नको, सुती मोजे नकोत, जीन्स तर मुळीच नको. आत मेरिनो लोकरीचे किंवा सिंथेटिक थर्मलचे दोन जोड, त्यावर एक फ्लीस, म्हणजे मऊ लवदार सिंथेटिक जॅकेट, सगळ्यांत वर वारा आणि पाणी अडवणारा थर. हिमरू शाल जहाजावर जेवायला जाताना मिरवा हवी तर, होडीत नको. माकडटोपीला मात्र इतक्या वर्षांनी न्याय मिळतो. कान, मान आणि हनुवटी एका झटक्यात झाकणारं याहून शहाणं वस्त्र मला माहीत नाही. फक्त लोकरीची घ्या.

पार्का, म्हणजे टोपीचा जाड कोट, बरीच जहाजं देतात, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूटही वापरायला मिळतात. मिळतात की नाही हे बुकिंगच्या कागदांत आधी वाचा, नाहीतर जड बूट लातूरहून उशुआयापर्यंत, म्हणजे अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाच्या बंदरापर्यंत, फुकट फिरून येतात. बुटांचं माप कळवताना जाड मोजा घालून पाय मोजा. लोक इथं हुशारी करतात आणि मोज्यांचे तीन-तीन जोड चढवतात. पाय बुटात आवळला की मोज्यातली हवा दबते, रक्त नीट फिरत नाही आणि बोटं आणखी गार पडतात. एक पातळ मोजा आणि त्यावर एक जाड लोकरीचा, बस्स. हातमोजे मात्र दोन थरांचे आणि वर एक जादा जोड, कारण होडीत पहिल्यांदा भिजतात ते हातच.

विकत न्यावीच लागते ती वॉटरप्रूफ पॅन्ट. ती बुटाच्या आत खोचायची नसते, बुटाच्या बाहेरून खाली सोडायची. किनाऱ्याला धक्का नसतो. होडी दगडांपाशी लागते आणि आपण नडगीभर पाण्यात उतरतो. पॅन्ट आत खोचली असेल तर प्रत्येक लाट थेट बुटात. रानात पाणी धरताना पायजमा वर खोचायची सवय असलेल्यांनी हे दोनदा वाचावं.

आता बॅग. कडक कवचाची चाकाची बॅग घेऊ नका. केबिन म्हणजे दोन पलंग आणि मधे एक माणूस आडवा होऊन जाईल एवढी वाट. मऊ कापडी डफल बॅग रिकामी झाली की घडी घालून पलंगाखाली जाते. वजन धरायचं ते वाटेतल्या सगळ्यांत कंजूस विमानाचं. बहुतेक जहाजं उशुआयातून सुटतात, आणि ब्युनोस आयरेसहून तिथं जाणाऱ्या विमानात सामानाची मर्यादा परदेशी विमानापेक्षा कमी असू शकते. औषधं, थर्मलचा एक जोड आणि ती वॉटरप्रूफ पॅन्ट हातातल्या पिशवीत ठेवा. मोठी बॅग चुकून दुसऱ्या गावाला गेली तर जहाज तिच्यासाठी थांबत नाही, आणि उशुआया सुटल्यावर पुढं दुकान नाही. पॉवर बँकही हातातच. ती चेक-इनच्या सामानात चालत नाही, आणि १०० वॉट-अवरपर्यंतचीच सहज नेता येते, म्हणजे साधारण २७,००० एमएएचच्या आतली. पाणी तापवायची कॉइल आणि इस्त्री घरी. जहाजावर आगीइतकं कुणी कशाला घाबरत नाही.

खरी उलथापालथ यापुढं. किनाऱ्यावर उतरण्याआधी जहाजावर सगळ्यांच्या सामानाची झडती होते. सोनं शोधत नाहीत, बी शोधतात. अंटार्क्टिकात मूळच्या फुलझाडांच्या जाती फक्त दोन आहेत: एक गवत आणि एक दगडांना चिकटून वाढणारी इवलीशी वनस्पती. आपल्या बांधावर पावसाळ्यात बसलं तर एका बैठकीत पायजम्याला याहून जास्त जाती चिकटतात. किंग जॉर्ज बेटावर पोलंडच्या आर्क्टोव्स्की तळाजवळ १९८५-८६ च्या सुमारास ‘पोआ ॲन्युआ’ नावाचं साधं गवत उगवलेलं सापडलं. ते कुणी मुद्दाम नेलं नव्हतं. गाजरगवत तरी आपल्या रानात कुणी हौसेनं पेरलं होतं? अंटार्क्टिकाचं पर्यावरण जपायच्या १९९१ च्या माद्रिद कराराप्रमाणं बाहेरची वनस्पती, प्राणी, माती तिथं न्यायला बंदी आहे, आणि ती मोडायला गोखरूचा एक काटा पुरतो.

तेव्हा ही सफाई घरीच, अंगणात, उजेडात करा. चिमटा, मोठी सुई, जुना टूथब्रश, टॉर्च, आणि असला तर व्हॅक्यूम क्लीनर. खिसे उलटे करायचे. मराठवाड्यातल्या खिशात कोपऱ्याला एक करडी गुठळी असते. ती उकलली की बडीशेप, तीळ, सुपारीचा चुरा आणि एखाद्या जुन्या लग्नातल्या अक्षता निघतात. बडीशेप आणि तीळ म्हणजे बियाच, तिथं मुखवास हे कारण चालत नाही. बुटाच्या तळाच्या खाचांत आपली काळी माती असते. ती वाळून दगड झालेली असल्यामुळं आधी भिजवायची आणि मग ब्रशनं काढायची; कोरडी खरवडली तर वरची जाते आणि आतली तशीच राहते. सगळ्यांत त्रास देतं ते व्हेल्क्रो. त्याच्या बारीक आकड्यांत कुसळ अडकलं की चिमट्यानं सरळ ओढू नका. कुसळाच्या टोकाला मागं वळलेले ताठ केस असतात, त्यामुळं ते पुढंच सरकतं. मागं ओढलं की शेपूट हातात येतं आणि बी कापडात राहतं. सुईनं त्याला पुढं ढकलायचं, पलीकडून टोक दिसलं की तिकडून काढायचं. मोजे उलटे करून शिवणी बघा. कॅमेऱ्याच्या पिशवीचा तळ आणि काठीचं टोक शेवटी बघा. सगळे हेच विसरतात.

हे सगळं साफ करून बॅग बंद होते, आणि आपली पाठ वळताच आत्या बाहेरच्या कप्प्यात मूठभर तांदूळ, हळकुंड आणि खोबऱ्याची वाटी घालून गाठ मारते. असू दे, लेकरू एवढं लांब चाललंय. निघायच्या दिवशी पहाटे तो कप्पा पुन्हा उघडायला विसरू नका. ओटी देवापाशी ठेवा, दही हातावर घ्या. दह्याला करारात अडचण नाही, ते दारातच संपतं.

खाण्याचंही तेच. ताजी फळं, बिया, मांस, दुधाचे पदार्थ यांवर अर्जेंटिनात निर्बंध आहेत, त्यामुळं तुपातली पुरणपोळी धोक्यात. कंपनीचं सीलबंद पाकीट नेलंच तर विमानतळावर जाहीर करा आणि जहाजावर केबिनमध्येच फोडा. किनाऱ्यावर पाण्याशिवाय काही न्यायचं नाही, चिवड्याचा चिमूटही नाही.

ड्रेक पॅसेज सुमारे ८०० किलोमीटर रुंद, जायला दोन दिवस, यायला दोन. ‘एसटीच्या मागच्या सीटवर बसून उदगीर-देगलूर केलंय, मला काय होतंय’ म्हणणारेच आधी आडवे होतात. गोळी मळमळ सुरू व्हायच्या आधी घ्यायची असते. नंतर घेतली तर पोटात राहत नाही. या गोळ्यांनी झोप येते, आणि काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. आलेपाक जवळ असू दे. हे एक ‘असू दे’ मला मान्य आहे.

उतरायच्या दिवशीचा क्रम मात्र पाठ हवा. जहाजात आत इतकी ऊब असते की सगळे थर चढवून रांगेत उभं राहिलं तर घाम फुटतो, आणि तोच घाम बाहेर गार होऊन बसतो. म्हणून पुकारा झाल्यावरच चढवा. आधी संडास-बाथरूम, किनाऱ्यावर सोय नाही आणि आडोशाला जायला बंदी आहे. मग तोंडाला, हनुवटीखाली आणि नाकाच्या टोकाला सनस्क्रीन. बेचाळीस अंशांत वाढलेला माणूस इथं हसतो, पण ताजं बर्फ अतिनील किरण ऐंशी टक्के किंवा जास्त परत फेकतं. ऊन खालून लागतं. मग थर्मल, मोजे, फ्लीस, पॅन्ट, बूट, पॅन्टचे पाय बुटावर. मग टोपी, पार्का, त्यावर लाइफ जॅकेट, सगळ्यांत शेवटी हातमोजे. हे सगळं झालं की दारातला माणूस केबिनचं कार्ड मागतो, कारण किती उतरले आणि किती परतले हे कार्डावरूनच मोजतात. कार्ड असतं थर्मलच्या खिशात. ते आधीच बाहेरच्या खिशात ठेवा.

होडीत बसताना हात द्यायचा तो मनगटाला मनगट धरून. तळव्याला तळवा धरला तर ओला मोजाच निसटून येतो. म्हातारीला बैलगाडीत घेताना धरतात तस्संच. एका वेळी किनाऱ्यावर शंभरच माणसं, पेंग्विनपासून पाच मीटर लांब. पेंग्विन स्वतः जवळ आला तर आपण जागच्या जागी थांबायचं. मांडी घालून बसायचं नाही, गुडघा टेकायचा नाही, पिशवीही खाली ठेवायची नाही. बर्ड फ्लू २०२३ च्या ऑक्टोबरात साउथ जॉर्जिया बेटाकडं आणि २०२४ च्या फेब्रुवारीत द्वीपकल्पावर आढळला, तेव्हापासून हे कडक झालंय. म्हणून पिशवी पाठीवरचीच हवी, पाणी आत न जाणारी. कॅमेऱ्याची जादा बॅटरी अंगालगतच्या खिशात. गारठ्यात ती लवकर बसते. परत आत येण्याआधी कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा आणि तासभर तसाच राहू द्या, नाहीतर गार ताकाच्या पेल्यासारखा तो आतूनबाहेरून घामेजतो.

परतीची बॅग हलकी असते. तिथला खडा, पीस, हाडाचा तुकडा, काहीही उचलायला बंदी आहे. ‘तिकडून काय आणलंस?’ या प्रश्नावर एकच कायदेशीर उपाय मला दिसतो. द्वीपकल्पालगतच्या पोर्ट लॉकरॉयला १९४४ मधला ब्रिटिश तळ आहे, आता तिथं संग्रहालय आणि उन्हाळ्यापुरतं पोस्ट. बर्फानं आणि हवेनं जहाजाला जाऊ दिलं तर आत्याला कार्ड टाका. पत्ता मात्र घरूनच पिनकोडसकट लिहून न्या. ‘मारुतीच्या देवळामागं’ एवढ्यावर ते फॉकलंड बेटं आणि ब्रिटनमधून फिरून पोचायचं नाही. पोचायला काही आठवडे, कधी महिनेही लागतात. तोवर तुम्ही घरी परत आलेला असता, तेव्हा ते आत्याला वाचूनही तुम्हालाच दाखवावं लागतं.